फाइल फोल्डरमध्ये पडते, पण स्क्रिप्ट उचलत नाही: कुठून तपासायला सुरुवात करायची

तुर्भे, महापे, वागळे इस्टेट या पट्ट्यातल्या लहान ऑफिसांत एक मांडणी हमखास दिसते. स्कॅनर किंवा एखादं मशीन शेअर्ड फोल्डरमध्ये फाइल टाकतं. एक पायथन स्क्रिप्ट त्या फोल्डरवर डोळा ठेवून असते. फाइल आली की तिचं नाव बदलायचं, मेल करायची, सॉफ्टवेअरमध्ये चढवायची, ही पुढची कामं ती करते. वाशीच्या कस्टम्स ब्रोकरकडे बिल ऑफ एन्ट्रीचे स्कॅन असतात, नौपाड्यातल्या लॅबमध्ये ॲनालायझरचे रिझल्ट, छपाईवाल्याकडे प्रेसला जाणाऱ्या पीडीएफ. तक्रार सगळीकडून एकच येते: "दादा, फाइल टाकलीय, पण पुढे सरकत नाहीये."

ही दुरुस्ती मी वारंवार करतो, त्यामुळे तपासण्याचा क्रम आता ठरून गेला आहे. खालची उदाहरणं पायथनच्या वॉचडॉग लायब्ररीची आणि बहुतेक लिनक्सवरची आहेत. पण नोडचं चोकिडार, गोचं एफएसनोटिफाय, जावाची वॉचसर्व्हिस किंवा डॉटनेटचा फाइलसिस्टमवॉचर वापरत असाल तरी वाचा. ही मंडळी बहुतेक वेळा शेवटी ऑपरेटिंग सिस्टीमलाच विचारतात: लिनक्सवर इनोटिफाय, विंडोजवर रीडडिरेक्टरीचेंजेसडब्ल्यू, मॅकवर अनेकदा एफएसइव्हेंट्स (तिथे लायब्ररीनुसार फरक पडतो). भाषा बदलली तरी दुखणं तेच राहतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण खालच्या अर्ध्याअधिक तपासण्या तिच्यावरच उभ्या आहेत. इव्हेंट, म्हणजे फोल्डरमध्ये काही बदललं असा सिस्टीमचा निरोप, ही नुसती वर्दी असते. ती दोनदा येते, उशिरा येते, कधी येतच नाही. फोल्डरमध्ये प्रत्यक्ष काय आहे हे स्क्रिप्टने स्वतः बघायचं असतं. फक्त वर्दीच्या भरवशावर लिहिलेली स्क्रिप्ट आज ना उद्या फाइल गाळणारच.

लक्षणं

तुमची तक्रार यातली कोणती आहे ते आधी ओळखा.

– स्क्रिप्ट चालू दिसते, पण एकही फाइल उचलत नाही.
– काल चालत होतं, मध्येच बंद पडलं. रीस्टार्ट केलं की पुन्हा सुरू.
– लॅपटॉपवर चालतं, नॅसवरच्या (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजच्या डब्यावरच्या) फोल्डरवर चालत नाही.
– वीज जाऊन आली की त्यानंतर काही उचलत नाही.
– एकच फाइल दोन-तीनदा जाते.
– पीडीएफ जाते, पण समोरच्याकडे उघडत नाही.
– एकेक फाइल नीट जाते, गठ्ठा टाकला की काही गळतात.
– ठरावीक नावांच्याच फाइली अडकतात.
– डिस्क अर्धी रिकामी असताना "डिव्हाइसवर जागा उरलेली नाही" असा एरर येतो.

आधी हाताने एक फाइल टाकून बघा

ज्या मशीनवर स्क्रिप्ट चालते त्याच मशीनवर बसा आणि त्याच फोल्डरमध्ये एक छोटी फाइल तयार करा. दुसऱ्या पीसीवरून नको, शेअरमधून नको. ती उचलली गेली, पण शेअरमधून टाकलेली उचलली जात नसेल, तर दोष नेटवर्क शेअरच्या बाजूला आहे. मग मधलं सोडून थेट शेवटच्या तपासणीकडे गेलात तरी चालेल. पैसा न लागणारी ही चाचणी निम्मा गोंधळ मिटवते, आणि तरीही लोक ती सोडून आधी लायब्ररी बदलायला घेतात.

हीसुद्धा उचलली गेली नाही तर स्क्रिप्ट नक्की कुठलं फोल्डर बघते आहे ते छापून घ्या, पूर्ण पाथसकट. टर्मिनलमधून चालवताना "इनबॉक्स" एवढा अर्धा पाथ चालून जातो. तीच स्क्रिप्ट सर्व्हिस किंवा क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीतून) चालवली की तिचं चालू फोल्डर वेगळं असतं. विंडोजवर याचा भाऊबंद म्हणजे झेड ड्राइव्ह. मॅप केलेली ड्राइव्ह लॉगिन केलेल्या माणसापुरती असते, पाठीमागे चालणाऱ्या सर्व्हिसला ती दिसत नाही. तिथे दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा सर्व्हरचा पूर्ण पत्ता द्यायचा, आणि सर्व्हिस ज्या खात्यावर चालते त्या खात्याला शेअर वाचायची परवानगी आहे ना तेही बघायचं.

स्क्रिप्ट जिवंत आहे, पण वॉचर जिवंत आहे का

"मध्येच बंद पडतं, रीस्टार्ट केलं की चालतं" या तक्रारीत मी सर्वांत आधी इथे बघतो, आणि बहुतेक वेळा पुढे जायची गरज पडत नाही.

वॉचडॉगचा ऑब्झर्व्हर, म्हणजे फोल्डरवर नजर ठेवणारा भाग, वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रॅमच्या आतल्या स्वतंत्र धाग्यावर) चालतो. इव्हेंट आल्यावर चालणारं तुमचं हँडलरमधलं फंक्शनही त्याच थ्रेडवर धावतं. एखादी पासवर्ड लावलेली पीडीएफ आली, ती उघडताना एक्सेप्शन उडालं आणि ते तुम्ही पकडलं नाही, की तो थ्रेड तिथेच मरतो. मुख्य प्रोग्रॅम मात्र इंटरनेटवरच्या उदाहरणांतून उचललेल्या "सतत झोप, एक सेकंद" अशा लूपमध्ये मजेत फिरत राहतो. सिस्टमडीला (लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणाऱ्या व्यवस्थेला) विचारलं तर तो हिरव्या अक्षरांत "चालू" सांगतो. ऑफिसातल्या कुणालाही यात काही बिघडल्याचं दिसत नाही, फाइली मात्र साचत जातात.

उपाय तीन, आणि तिन्ही करायचे. हँडलरमध्ये अगदी थोडं काम ठेवा: फाइलचा पाथ रांगेत टाका आणि परत या, जड काम दुसऱ्या थ्रेडने करावं. त्या दुसऱ्या थ्रेडवर प्रत्येक फाइलसाठी एक्सेप्शन पकडून पूर्ण ट्रेसबॅक लॉगमध्ये लिहा. आणि मुख्य लूपमध्ये नुसतं झोपू नका. ऑब्झर्व्हर आणि काम करणारा थ्रेड जिवंत आहेत का ते दर फेरीला विचारा, नसतील तर प्रोग्रॅम एरर कोड देऊन बंद करा आणि सिस्टमडीला तो पुन्हा सुरू करू द्या. अर्धमेली स्क्रिप्ट चालू ठेवण्यापेक्षा मेलेली परवडते, कारण मेलेली निदान कळते.

नक्की कुठला इव्हेंट येतोय

पुष्कळ स्क्रिप्टा फक्त "तयार झाली" हा इव्हेंट ऐकतात. पण स्कॅनरचं सॉफ्टवेअर आधी तात्पुरत्या नावाने फाइल लिहितं, लिहून झाली की नाव बदलून पीडीएफ करतं. अशा वेळी "तयार झाली" येतो तो .टीएमपी नावासाठी. तुमचा नियम पीडीएफच हवी म्हणतो, म्हणून ती सोडली जाते. पुढे येतो तो "हलवली" हा इव्हेंट, आणि नवीन नाव त्याच्या डेस्टिनेशन पाथमध्ये असतं. तो तुम्ही ऐकतच नाही.

म्हणून दहा मिनिटं सगळे इव्हेंट लॉगमध्ये छापा, काही गाळू नका. वॉचडॉगमध्ये "कुठलाही इव्हेंट" पकडणारं एक फंक्शन असतं, ते वापरा. मग रोज जे मशीन फाइल टाकतं त्याच मशीनवरून एक खरी फाइल टाकायला सांगा. माझ्या मते या सगळ्या यादीत जास्तीत जास्त माहिती देणारी दहा मिनिटं हीच.

एकाच फाइलवर वॉच लावला असेल, उदाहरणार्थ कॉन्फिग फाइलवर, तर वेगळाच सापळा आहे. अनेक एडिटर सेव्ह करताना जुन्या फाइलवर लिहीत नाहीत. नवीन फाइल लिहून ती जुन्याच्या जागी आणतात. इनोटिफायचा वॉच नावाला नव्हे, आयनोडला, म्हणजे डिस्कवरच्या त्या फाइलच्या आतल्या नोंदीला, चिकटलेला असतो. पहिली सेव्ह कळते, दुसरीपासून सामसूम. वॉच फोल्डरवर लावा आणि नाव तुम्ही तपासा.

अर्धवट आणि दुबार फाइली

फाइल दिसली म्हणजे ती पूर्ण आली असं नाही. मोठा स्कॅन वायफायवरून येत असेल तर पहिल्या तुकड्यालाच "तयार झाली" येतो आणि स्क्रिप्ट अर्धी पीडीएफ मेल करून मोकळी होते.

लिनक्सवर "लिहून बंद केली" हा इव्हेंट मिळतो, तोच ऐका. विंडोज आणि मॅकवर तो नाही. तिथे आकार ठरावीक काळ बदलला नाही हे बघावं लागतं. चोकिडारमध्ये यासाठी तयार सोय आहे, ती चालू केली की मूळ सेटिंगनुसार आकार २००० मिलिसेकंद स्थिर राहायची वाट बघते. भिवंडीच्या गोदामातून ठाण्याच्या ऑफिसात मंद लाइनवर फाइल येत असेल तर दोन सेकंद पुरत नाहीत. कॉपी मध्येच अडते आणि आकार खोटा स्थिर दिसतो. फाइल पाठवणारी बाजू तुमच्या हातात असेल तर या सगळ्यापेक्षा सरळ मार्ग आहे: .पार्ट नावाने लिहा आणि पूर्ण झाल्यावर नाव बदला. एकाच फाइलसिस्टमवर नाव बदलणं एका फटक्यात होतं, अर्धं दिसत नाही.

दुबार जाण्याचं कारण साधं आहे. एका सेव्हमध्ये "बदलली" हा इव्हेंट अनेकदा येतो. शेवटच्या इव्हेंटनंतर थोडं थांबून एकदाच काम करा, आणि झालेली फाइल "पूर्ण" फोल्डरमध्ये हलवा. बिल किंवा इन्व्हॉइस असेल तर मजकुराचा हॅशही (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) नोंदवून ठेवा.

ठरावीक नावांच्याच फाइली अडकत असतील तर

पहिला संशय एक्स्टेंशनवर. काही स्कॅनर ते मोठ्या लिपीत लिहितात आणि तुमचा नियम लहान लिपीतलं शोधतो. तुलना करण्यापूर्वी लहान करून घ्या, एका ओळीचं काम.

दुसरा संशय खास आपल्याकडचा. "दुसऱ्या पानाची दुरुस्ती" किंवा "कोऱ्या पाकिटांची ऑर्डर" अशी मराठी नावं दिलेल्या फाइली मुख्यतः छपाईवाल्यांकडे अडकतात. कारण ऱ. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन प्रकारे साठवता येतं: एक अख्खा ऱ, म्हणजे ०९३१, आणि दुसरा साधा र आणि त्याला जोडलेला नुक्ता, म्हणजे ०९३० आणि ०९३सी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, प्रोग्रॅमला मात्र ती दोन वेगळी नावं. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टम नावं सुटी करून, म्हणजे दुसऱ्या प्रकारे साठवते. तुमच्या यादीत किंवा डेटाबेसमध्ये पहिल्या प्रकारचं नाव असेल तर जुळणी कधीच होणार नाही. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ फंक्शन एनएफसी (जोडून अख्खं केलेलं) रूप देऊन दोन्ही बाजूंना लावा, मगच तुलना करा. डिस्कवरची फाइल उघडताना मात्र जसं नाव मिळालं तसंच वापरायचं.

स्क्रिप्ट बंद असताना आलेल्या फाइली

इनोटिफाय मागचं काही सांगत नाही. स्क्रिप्ट बंद असताना जे पडलं त्याची वर्दी कायमची गेली. म्हणून सुरू होताना फोल्डर पूर्ण बघणं हवंच. क्रम महत्त्वाचा: आधी वॉच लावा, मग जुन्या फाइली वाचा. उलट केलंत तर दोन्हींच्या मधल्या क्षणी आलेली फाइल निसटते. या क्रमाने एखादी फाइल दोनदा दिसेल, पण दुबार थांबवायची सोय वर केलीच आहे.

मी यापुढे जाऊन दर पाच-दहा मिनिटांनी तीच फेरी पुन्हा मारायला लावतो, सगळं व्यवस्थित चालू असलं तरी. त्याला फारसा खर्च नाही, आणि खाली येणारी अर्धी दुखणी तिच्यामुळे फाइल गाळण्याऐवजी फक्त उशीर करतात.

जागा असताना "जागा नाही"

हा एरर दिसला की आधी खरंच डिस्क तपासा, जागाही आणि आयनोडही. दोन्ही ठीक असतील तर संपलेली गोष्ट वॉचची मर्यादा आहे. इनोटिफाय २००५ साली लिनक्सच्या कर्नल (सिस्टीमचा गाभा) २.६.१३ मध्ये आलं, आणि ते उपफोल्डरांत स्वतःहून उतरत नाही. प्रत्येक उपफोल्डरला लायब्ररी वेगळा वॉच लावते. "वर्ष, पार्टी, जॉब नंबर" अशी फोल्डरांची उतरंड असलेल्या ऑफिसात हा आकडा बघता बघता फुगतो. एका युजरला किती वॉच मिळतात याची मर्यादा जुन्या कर्नलवर मुळात ८१९२ होती. ५.११ पासून ती मेमरी बघून ठरते, ८१९२ ते १०४८५७६ यांच्या मध्ये. मर्यादा युजरमागे असते. म्हणजे त्याच लॉगिनवर उघडलेला कोड एडिटर किंवा क्लाउड सिंकसुद्धा त्यातूनच खातो.

सिसकंट्रोलमधून (कर्नलची सेटिंग बदलायची सोय) मर्यादा वाढवता येते, ५२४२८८ हा आकडा सर्रास वापरला जातो. ६४ बिट मशीनवर एका वॉचला साधारण एक किलोबाइट कर्नल मेमरी लागते, हे धरून चाला. पण आकडा वाढवण्यापूर्वी विचारा की गेल्या वर्षीच्या जॉबवर वॉच कशाला हवा? फाइली पडायला एकच सपाट "आवक" फोल्डर ठेवा आणि तेवढंच बघा. मर्यादेचा प्रश्नच उरत नाही. शिवाय उतरंडीत आणखी एक भोक असतं: नवीन उपफोल्डर तयार झालं आणि त्यावर वॉच लागण्याआधीच त्यात फाइली पडल्या, तर त्या फाइलींची वर्दी येईलच असं नाही.

"खूप फाइली उघड्या" असा एरर असेल तर ती वेगळी मर्यादा असू शकते. एका युजरला इनोटिफायचे किती इन्स्टन्स, तर मुळात १२८. आणि गठ्ठ्यात फाइली गळत असतील तर इव्हेंटच्या रांगेकडे बघा. तिची मर्यादा मुळात १६३८४ आहे, त्यावर आलेले इव्हेंट टाकून दिले जातात. विंडोजवर डॉटनेटच्या वॉचरचा बफर मुळात फक्त ८ किलोबाइटचा असतो, जास्तीत जास्त ६४ करता येतो. तिथे एररचा इव्हेंट ऐकायला विसरू नका आणि तो आला की फोल्डरची पूर्ण फेरी मारा.

नॅस आणि वीज

सर्वांत वेळखाऊ तपासणी हीच, म्हणून शेवटी. इनोटिफाय तुमच्या मशीनच्या कर्नलमधून गेलेले बदलच बघतं. रिसेप्शनच्या पीसीने नॅसवर फाइल टाकली तेव्हा बदल नॅसच्या कर्नलमधून गेला. तुमच्या सर्व्हरने तो शेअर एनएफएस किंवा एसएमबी या शेअरिंगच्या पद्धतींनी माउंट केला, म्हणजे स्वतःच्या फोल्डरसारखा जोडला असला तरी त्याच्या कर्नलला याचा पत्ता नाही. एरर येत नाही, वॉच लागतो, आणि शांतता. डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) मध्ये विंडोजची सी ड्राइव्ह बघत बसलात तरी हेच होतं.

दोन मार्ग. फाइल ज्या मशीनच्या डिस्कवर पडते त्याच मशीनवर स्क्रिप्ट चालवा. अनेक नॅसवर पायथन किंवा डॉकर चालतं. ते जमत नसेल तर पोलिंग, म्हणजे ठरावीक वेळाने जाऊन बघणं. वॉचडॉगमध्ये पोलिंगऑब्झर्व्हर आहे, चोकिडारमध्ये पोलिंगचं सेटिंग आहे. पोलिंग म्हटलं की प्रोग्रॅमर नाक मुरडतात. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, स्कॅन वीस सेकंदांनी गेला म्हणून कुणाचं काही अडत नाही. फक्त वॉचडॉगचं मूळचं एक सेकंदाचं अंतर मोठ्या फोल्डरवर ठेवू नका, नॅस हैराण होते. एनएफएस फाइलींची माहिती मुळात ६० सेकंदांपर्यंत कॅशमध्ये ठेवतं, तेवढा उशीर धरून चाला. आणि "गेल्या पाच मिनिटांत बदललेल्या फाइली" असा नियम लिहू नका. कॉपी करताना जुनी वेळ टिकू शकते, नॅसचं घड्याळ मागे असू शकतं, आणि फॅट फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर वेळ दोन सेकंदांच्या पटीत नोंदली जाते. नाव आणि आकार यांची मागच्या फेरीशी तुलना करा.

वीज जाऊन आल्यानंतरची तक्रार पावसाळ्यात जोर धरते. सर्व्हर लवकर उठतो, नॅस निवांत उठते. स्क्रिप्ट सुरू होते तेव्हा माउंटच्या जागी रिकामं स्थानिक फोल्डर असतं आणि वॉच त्याच्यावर लागतो. मग त्यावर शेअर माउंट होतो. पाथ तोच, आयनोड वेगळा, स्क्रिप्ट झाकलेल्या फोल्डरवर लक्ष ठेवून बसते. सिस्टमडीच्या फाइलमध्ये "हा माउंट झाल्याशिवाय सुरू करू नको" अशी ओळ लिहिता येते, ती लिहा. स्क्रिप्टमध्येही सुरुवातीला माउंट झालाय का ते तपासा, नसेल तर बंद पडा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कर्नलच्या लॉगमध्ये इनपुट-आउटपुट एरर दिसत असतील, नॅस बीप करत असेल किंवा रेड (अनेक डिस्कचा एकत्र संच) डिग्रेडेड सांगत असेल, तर स्क्रिप्ट बंद करा आणि स्टोरेजवाल्याला बोलवा. पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करू नका, पूर्ण फोल्डरची फेरी तर मुळीच नको. मरायला टेकलेल्या डिस्कवर तो ताण नको असतो.

सगळे इव्हेंट छापताना शेकडो फाइलींची नावं आपोआप अनोळखी एक्स्टेंशनमध्ये बदलताना दिसली तर तो बग नाही, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) असू शकतं. नेटवर्कची केबल ओढा, मग फोन करा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांना अशी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, तेव्हा सीए किंवा आयटी सल्लागाराला त्याच दिवशी सांगा.

लॅबचे रिझल्ट अडकत असतील तर तुमची दुरुस्ती होईपर्यंत रिपोर्ट हाताने चढवायला लावा, आणि ॲनालायझरच्या बाजूच्या सेटिंगला मशीनच्या इंजिनिअरशिवाय हात लावू नका. कंपनीच्या डोमेनवरच्या परवानग्या, ॲन्टिव्हायरसची सूट, चालू सर्व्हरवरचे सिसकंट्रोलचे बदल हे ॲडमिनचं काम आहे, तुमच्याकडे पासवर्ड असला तरीही. आणि मालकाने "फाइल कुणी बदलली ते सांग" म्हटलं तर इनोटिफायवर वेळ घालवू नका, ते कुणी केलं हे सांगतच नाही. त्यासाठी ऑडिट किंवा फॅनोटिफाय लागतं, आणि ते बसवायला लिनक्स नीट जाणणारा माणूस.

त्याला बोलावताना हे हाताशी ठेवा: कर्नलची आवृत्ती, माउंटची यादी, सगळे इव्हेंट छापलेला लॉग, आणि अडकलेल्या एका फाइलची मूळ प्रत, नाव न बदलता.